रोग कुणी पसरवला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मद्रास इलाख्यातली १८८३ सालची गोष्ट. पटकी झालेला एक माणूस आगगाडीत बसला. आपल्याला काय झालंय हे त्याला ठाऊक होतं, पण रेल्वेच्या माणसांना त्यानं ते सांगितलं नाही. सोबत्यालाही ठाऊक होतं आणि तिकीट त्यानंच काढलं होतं. खटला दोघांवर झाला. आजारी माणूस दोषी ठरला आणि सोबती त्याला साथ दिल्याबद्दल दोषी ठरला. मराठीत रोगाचीही साथ असते आणि माणसाचीही. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला या शब्दापाशी थांबावंसं वाटतं. न्यायाधीशाला तशी मुभा नसते.

ज्या कलमाखाली ही शिक्षा झाली, ते भारतीय दंडसंहितेचं २६९ वं कलम. संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १८६२ च्या पहिल्या तारखेपासून लागू झाली. जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, कुणी हयगयीनं वागला तर सहा महिन्यांपर्यंत कैद. तेच दुष्ट बुद्धीनं केलं तर २७० वं कलम आणि दोन वर्षांपर्यंत कैद. आता तारखा पाहा. रॉबर्ट कॉखनं कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला तो १८८४ साली, म्हणजे मद्रासच्या त्या निकालानंतर. कायद्याला जंतू दाखवायची गरजच नव्हती. त्याला एवढंच विचारायचं होतं: तुला ठाऊक होतं का?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, हे तीनच वर्षांत आपल्या मुंबईत दिसलं. १८८६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘क्वीन एम्प्रेस विरुद्ध रखमा’ हा खटला आला. (या रखमा म्हणजे डॉ. रखमाबाई नव्हेत. त्यांचा नवऱ्याशी चाललेला दावा त्याच न्यायालयात, त्याच सुमारास गाजत होता.) ही रखमा शरीरविक्रय करणारी बाई होती. आपण निरोगी आहोत असं तिनं गिऱ्हाईकाला सांगितलं आणि त्याला गरमी झाली. ती २६९ खाली दोषी आहे का? न्यायालय म्हणालं, नाही. गिऱ्हाईकाच्या स्वतःच्या कृतीशिवाय हा संसर्ग झालाच नसता. तोही त्यात सहभागी होता. तिनं खोटं बोलून त्याला राजी केलं असेल, तर फसवणुकीचा आरोप ठेवता येईल.

दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, इंग्लंडात क्लॅरन्स नावाच्या माणसाचा खटला झाला. स्वतःला गुप्तरोग आहे हे ठाऊक असून त्यानं बायकोला तो लावला होता. १३ न्यायाधीश बसले आणि ९ विरुद्ध ४ मतांनी तो सुटला. मुंबईत बाई सुटली आणि लंडनमध्ये नवरा सुटला. दोन्ही निकाल मी शेजारी ठेवून वाचतो तेव्हा पहिला मला पटतो, दुसरा पटत नाही. गिऱ्हाईक धोका पत्करून दारात आलं होतं. घरातल्या बायकोनं कोणता धोका पत्करला होता? इंग्लंडच्या न्यायालयांना ही वाट सोडायला २००४ साल उजाडावं लागलं.

मग प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला. धान्याची गोदामं तिथं, उंदीर तिथं. लोक शहर सोडून पळत सुटले. वांद्रे, अंधेरी, घाटकोपर ही तेव्हा साष्टीतली गावं होती. मागोमाग प्लेगही आला. वांद्र्याच्या गल्ल्यांत आज जे क्रॉस दिसतात, त्यांतले कितीतरी त्या साथीतले आहेत. रहदारीच्या मधोमध कुणी फुलं वाहून जातं, बाकीचे वळसा घालून पुढे जातात.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. चारच कलमांचा, हातरुमालाएवढा. पण त्यानं प्रश्नच बदलून टाकला. दंडसंहिता विचारत होती, ‘तुला ठाऊक होतं का?’ हा कायदा विचारू लागला, ‘तू हुकूम मानलास का?’ हुकूम मोडला की १८८ वं कलम. आणि हुकूम बजावणाऱ्यांना चौथ्या कलमाचं कवच: सद्भावनेनं केलं असेल तर त्यांच्यावर दावा नाही. घरांत शिरून झडत्या झाल्या, स्टेशनांवर प्रवाशांच्या काखा चाचपल्या गेल्या. घरोघरी रोगी लपवले जाऊ लागले. आई आपलं पोर लपवते, तेव्हा ती जाणूनबुजून रोग पसरवते का? कलमाची अक्षरं पाहिली तर हो म्हणावं लागेल. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले होते. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात जुलाह्यांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासू देण्यावरून दंगल पेटली आणि गोळीबार झाला. पुण्यात रँडचा खून त्याआधीच, जून १८९७ मध्ये झाला होता.

आणि त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग नेतो तो उंदरावरचा पिसू. म्हणजे दोन वर्षं सरकार माणसांची मनगटं धरत होतं आणि रोग उंदराच्या पाठीवर बसून फिरत होता. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सहसा लागतच नाही. त्या बिचाऱ्या आयांनी पोरं लपवली, त्यानं बहुधा फारसं काही पसरलं नव्हतं.

गोव्यात १९८९ साली तर ‘ठाऊक होतं का’ हा प्रश्न विचारलाही गेला नाही. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमानं रक्तदान करायचा. रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून पोलीस त्याला घेऊन गेले. त्याला स्वतःला काही कळण्याआधी! गोव्याच्या आरोग्य कायद्यानुसार त्याला क्षयाच्या जुन्या दवाखान्यात दोन महिन्यांहून अधिक काळ एकट्याला ठेवलं. ती तरतूद मुंबई उच्च न्यायालयानं वैधही ठरवली. माणूस बाहेर आला आणि मरेपर्यंत, १९९२ पर्यंत, त्यानं इतर एड्सग्रस्तांसाठी काम केलं.

आता २०२०. मार्चमध्ये दिल्लीच्या तबलिगी मरकजची बातमी आली आणि आठवड्याभरात रोगाला धर्म मिळाला. आमच्या उपनगरातल्या गल्लीत भाजीवाल्याला आधी नाव विचारलं जाई, मग भाव. गाडीवर नाव लिहिण्याची युक्ती एकानं काढली. त्याचं नाव सोयीचं होतं. ठिकठिकाणी परदेशी तबलिगींवर गुन्हे दाखल झाले आणि १८६० सालची कलमं पुन्हा बाहेर निघाली.

२१ ऑगस्टला औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. त्यांनी रोग पसरवल्याचा पुरावा समोर नव्हता. आपत्तीत बळीचा बकरा शोधला जातो, असं न्यायमूर्ती नलावडे यांनी लिहिलं. दुसरे न्यायमूर्ती सेवलीकर निकालाशी सहमत होते, त्यातल्या काही विवेचनाशी नव्हते. तेही नोंदवायला हवं. ऑक्टोबरमध्ये आमच्या अंधेरीच्या दंडाधिकारी न्यायालयानं आणखी २० परदेशी नागरिकांना निर्दोष सोडलं. अटकेची बातमी वाचलेल्या किती जणांनी ही वाचली असेल?

म्हणून ही कलमं नकोत, असं मी म्हणणार नाही. ताप लपवून म्हाताऱ्यांच्या घोळक्यात जाऊन बसणारा माणूस असतो आणि त्याला जाब विचारायलाच हवा. पण जाब त्याला विचारावा. त्याच्या मोहल्ल्याला, त्याच्या नावाला नव्हे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं या बाबतीत शहाणपणा दाखवला आहे: रुग्णावर खबरदारीची जबाबदारी टाकली आहे आणि त्याला भेदभावापासून संरक्षणही दिलं आहे.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. २६९ आता २७१ झालं आहे, २७० आता २७२. ‘हयगय’ आणि ‘दुष्ट बुद्धी’ तशीच, शिक्षाही तेवढीच: सहा महिने आणि दोन वर्षं.