रिव्हास्टिग्मिन पॅच
अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशावरील, त्वचेवर चिकटवायचे औषध. मेंदूतील ॲसिटिलकोलीनचे विघटन ते मंदावते. आजार मात्र बरा करत नाही. अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळाली. सुरुवात २४ तासांत ४.६ मिग्रॅ. सोडणाऱ्या पॅचने होते. सोसल्यास किमान चार आठवड्यांनी ९.५. खरा धोका घरच्या घाईत असतो : जुना पॅच पाठीवर तसाच राहतो, त्याच्या शेजारी नवा लागतो आणि मात्रा वाढते. मग उलट्या, मंद नाडी, भोवळ, क्वचित मृत्यूही. म्हणून आधी जुना काढावा, चिकट बाजू आत दुमडून टाकून द्यावा. तीच जागा १४ दिवस टाळावी. रुग्ण पॅच उपटत असेल, तर पाठीचा वरचा भाग सोयीचा. पॅचवर शेक देऊ नये. तीन दिवसांहून अधिक खंड पडल्यास डॉक्टरांना विचारून पुन्हा ४.६ पासूनच सुरुवात करावी.