डोंगरमाथ्यावर हेलिकॉप्टर कसे पोचले?

हेलिकॉप्टरचा इतिहास सांगताना आपण बहुधा लिओनार्दो दा विंचीच्या रेखाटनापासून सुरुवात करतो आणि सिकोर्स्कीच्या यशस्वी उड्डाणापाशी थांबतो. पण यंत्र उडाले म्हणजे ते कामाचे झाले, असे नाही. जिथे रस्ता नाही, धावपट्टी नाही, दुरुस्तीची सोय नाही, अशा ठिकाणी ते रोज उडवणे आणि रोज सुस्थितीत ठेवणे हा या इतिहासाचा पुढचा भाग. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील एका उदाहरणावरून तो समजून घेऊ.

आर्थर यंग या अमेरिकन संशोधकाने अनेक वर्षे लहान प्रतिकृतींवर प्रयोग केले आणि १९४१ मध्ये तो बेल कंपनीत आला. त्याच्या कामातून तयार झालेल्या 'बेल ४७' ला ८ मार्च १९४६ रोजी अमेरिकेत नागरी वापराचा परवाना मिळाला. असा परवाना मिळालेले हे पहिलेच हेलिकॉप्टर. रचना साधी होती: पिस्टनचे इंजिन आणि वर दोन लांब लाकडी पाती.

१९४७ मध्ये पेंटिक्टन या गावी कार्ल एगर, बार्नी बेंट आणि अल्फ स्ट्रिंगर या तिघांनी एक लहान कंपनी काढून 'बेल ४७ बी-३' विकत घेतले. एगर आणि बेंट वैमानिक, स्ट्रिंगर यंत्रज्ञ. परिसर फळबागांचा, तेव्हा औषध फवारणीचा धंदा करावा, असा त्यांचा बेत होता. तो पुरेसा चालेना. १९४८ मध्ये मात्र प्रांताच्या भूमापन खात्याचे काम मिळाले. नकाशा करण्यासाठी थिओडोलाइट घेऊन शिखरावर जावे लागे. पायी चढणीत दिवसच्या दिवस जात आणि वर पोचावे तर ढग आलेले असत. हेलिकॉप्टर हीच चढण काही मिनिटांत संपवणार होते. प्रश्न एवढाच, की ते तिथे उतरू शकेल का?

विरळ हवेचे गणित

समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. ३००० मीटर उंचीवर ते जवळजवळ ०.९ किलोग्रॅम होते. पाती हवा खाली ढकलतात आणि तिच्या प्रतिक्रियेवर यंत्र तरंगते. हवा विरळ झाली, की तेवढेच वजन तोलायला ती अधिक वेगाने खाली ढकलावी लागते. हिशोब केला तर ३००० मीटरवर केवळ या कामासाठी सुमारे १६ टक्के जास्त शक्ती लागते. इंजिनलाही तीच विरळ हवा मिळते, त्यामुळे त्याची शक्ती पाव हिश्शाने किंवा त्याहून अधिक घटते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा कमी होतो. १७८ अश्वशक्तीच्या त्या इंजिनाजवळ उधळायला काहीच शिल्लक राहत नसे.

मग उरलेली मदत वाऱ्याकडून घ्यायची. डोंगराच्या वाऱ्याकडील बाजूने हवा वर चढते, आडोशाच्या बाजूने खाली कोसळते. एगरने सरावाने पद्धत बसवली: आधी शिखराभोवती फिरून वारा ओळखायचा, मग अशा धारेवर उतरायचे की बेत फसल्यास दरीच्या बाजूला झुकून वेग मिळवता येईल. सपाट, ऐसपैस जागेपेक्षा अरुंद धार अधिक सुरक्षित ठरू शकते, हे आश्चर्याचे वाटेल; पण उंचीचे वेगात रूपांतर करायला खाली मोकळी जागा हवी, हे ध्यानात घेतले की उलगडा होतो.

१९४९ मध्ये व्हँकुव्हरजवळ पॅलिसेड तलावावरील धरणाची माणसे व साहित्य याच मार्गाने वर गेले. पुढे किमानो-किटिमाट हा जलविद्युत आणि अ‍ॅल्युमिनियमचा प्रचंड प्रकल्प आला. त्यात डोंगरातून १६ किलोमीटरचा बोगदा होता आणि खिंडीतून जाणारी सुमारे ८० किलोमीटरची वीजवाहिनी. त्याच्या पाहणीपासूनच हेलिकॉप्टरे कामाला होती. किटिमाटला १९५४ मध्ये अ‍ॅल्युमिनियम तयार होऊ लागले.

खडू आणि कापड

घरातल्या छताच्या पंख्याचे एक पाते किंचित वाकले, तर पंखा डगमगतो. हेलिकॉप्टरचेही तसेच. लाकडी पाती दमट हवेत पाणी शोषत, त्यांचे वजन आणि आकार बदले, आणि सारे यंत्र थरथरू लागे. दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात की नाही, हे पाहण्याची त्या काळची रीत मजेदार होती. दोन पात्यांच्या टोकांना दोन रंगांचे खडू फासायचे, यंत्र जमिनीवरच चालू करायचे आणि काठीला ताणून बांधलेले कापड हळूच टोकांजवळ न्यायचे. दोन्ही रंग एकाच जागी उमटले तर ठीक. वरखाली उमटले तर पात्याचा कोन बदलून पुन्हा तपासायचे.

उपकरण शाळेतले, पण काम जोखमीचे. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास सुमारे १०.७ मीटर आणि फेरे मिनिटाला तीनशेहून अधिक. टोकाचा वेग विद्यार्थ्यांना काढू द्या. तो ताशी ६०० किलोमीटरच्या वर येतो. त्यापासून हातभर अंतरावर यंत्रज्ञ काठी धरून उभा असे. याखेरीज वंगण देणे, बोल्ट तपासणे, पिंपातले पेट्रोल पाणी राहू नये म्हणून कातड्यातून गाळणे ही कामेही उघड्यावर, थंडीपावसात चालत. यांतले एक राहिले, तर वैमानिकाचे कसब उपयोगी पडत नसे.

एगरला १९५० चा मॅकी पारितोषिकाचा मान मिळाला, तो योग्यच होता. स्ट्रिंगरसारख्यांचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

विरळ हवेचा प्रश्न पुढे टर्बाइन इंजिनाने बराच सोडवला. भारताच्या हिमालयातील गरजेतून फ्रान्समध्ये 'लामा' हे हेलिकॉप्टर घडले. १९६९ मधील चाचण्यांत ते हिमालयात ७५०० मीटर उंचीवर उतरले आणि तिथून पुन्हा उडाले. तेच पुढे बेंगळुरूला 'चीता' या नावाने तयार होऊ लागले. इंजिन बदलले, पाती बदलली. पण उड्डाणाआधी हात फिरवून प्रत्येक जोड तपासणारा माणूस तिथेही लागतोच. हेलिकॉप्टरचा धडा शिकवताना वैमानिकाशेजारी त्याचेही चित्र फळ्यावर काढावे, असे आम्हांला वाटते.