दुकान फुटू नये म्हणून

माझ्या भाचीनं आणि तिच्या भावानं मिळून शाळेचे गणवेश शिवायचं काम सुरू केलंय. सहा मशिनी आहेत, चार बाया कामाला येतात. आता एका मोठ्या शाळेची ऑर्डर आली, तर तिथं नोंदणीचे कागद मागितले. सीए म्हणाला, "प्रोप्रायटरशिप, भागीदारी, एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड, ते तुम्ही ठरवा, मग पुढचं बघू." रात्री भाचीचा फोन आला, "मामू, यांत फरक काय असतो?" मी टॅक्सचा, फीचा, दरवर्षी भरायच्या कागदांचा फरक सांगितला. फोन ठेवल्यावर जाणवलं, खरा फरक सांगायचा राहूनच गेला. तो मालकाचं निधन होतं त्या दिवशी कळतो.

मला तो अब्बांच्या वेळी कळला. अब्बांचा गादी कारखाना होता. प्रोप्रायटरशिप, म्हणजे कायद्याच्या नजरेत अब्बा आणि दुकान एकच. अब्बा गेले आणि आठवड्याभरात करंट खातं थांबलं, कारण खातं त्यांचं होतं. जीएसटीचा नंबर त्यांच्या पॅनवर होता. कापूसवाल्याचे पैसे द्यायचे होते आणि खात्यात ते होते, पण काढता येत नव्हते. चाळीस दिवस उलटल्यावर घरातली वडीलधारी मंडळी बसली आणि विषय वारशावर आला.

आमचा हिशेब सोपा होता. अम्मी, दोन भाऊ, तीन बहिणी. समजायला सोपं जावं म्हणून सगळी मालमत्ता चोवीस लाखांची धरू. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे तीन लाख. उरले एकवीस. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून त्याचे सात भाग. प्रत्येक बहिणीला तीन लाख, प्रत्येक भावाला सहा. सूरह निसामध्ये हे इतकं स्पष्ट आहे की वाद घालायला जागाच नाही. अडचण एकच होती. चोवीस लाख रोख नव्हतेच. होता तो गाळा, पिंजण्याची मशीन, कापसाच्या गठड्या आणि लोकांकडची उधारी. बहिणींना नऊ लाख द्यायचे तर गाळा विकावा लागणार. मग कुणीतरी ते नेहमीचं वाक्य बोललं, "दुकान फुटू नये." तिन्ही बहिणींना मी रिक्षात बसवून दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं आणि त्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. परतताना मी त्यांना ड्रेसचं कापड घेऊन दिलं. मोठी आपा त्यातलीच एक. गणवेश शिवणारी भाची तिची मुलगी.

तुर्की-अमेरिकन अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांचं 'द लाँग डायव्हर्जन्स' हे पुस्तक मी पुष्कळ नंतर वाचलं. मध्यपूर्व व्यापारात युरोपच्या मागे का पडला, हा त्यांचा प्रश्न. त्यांचं उत्तर थोडक्यात असं. इस्लामी कायद्यात भागीदारीची व्यवस्था फार लवकर आणि फार चांगली तयार झाली. मुदारबामध्ये एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असते. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. तोटा झाला तर भांडवलवाल्याचा पैसा जातो आणि राबणाऱ्याची मेहनत. हजरत मुहम्मद (स.) यांनी बीबी खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामकडे केलेला व्यापार याच रीतीचा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण या भागीदारीला एक मर्यादा होती. एक भागीदार मेला की करार संपायचा. त्याचे वारस पाच असोत की पंधरा, प्रत्येकाला आपला वाटा मागता यायचा. त्यामुळे शहाणा व्यापारी भागीदार कमी ठेवायचा आणि करार छोट्या मुदतीचा करायचा. धंदे शेकड्यांनी उभे राहिले, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे मोठे धंदे थोडेच झाले.

कुरान यांचं निम्मं म्हणणं मला पटतं, कारण ते मी घरात पाहिलंय. उरलेल्या निम्म्याबद्दल माझी तक्रार आहे. युरोपात अनेक ठिकाणी थोरल्या मुलालाच सगळं जायचं, म्हणून तिथं मालमत्ता एकसंध राहिली, हे खरं. पण तिची किंमत धाकट्यांनी आणि मुलींनी मोजली.

आपल्याकडेही तीच गोष्ट. आमच्या शेजारच्या कापड दुकानदाराचे वडील गेले तेव्हा दुकानाला काही झालं नाही. एकत्र हिंदू कुटुंबाची पेढी कर्त्यामागून दुसऱ्या कर्त्याकडे जाते, प्राप्तिकर कायदाही तिला स्वतंत्र घटक मानतो. मुसलमानाला ही सोय नाही. मला बरेच दिवस त्याचा हेवा वाटायचा. पण महाराष्ट्रात १९९४ पर्यंत आणि देशभर २००५ पर्यंत, त्या एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मानं हक्क नव्हता. पेढी अभंग राहत होती ती याच हिशेबावर.

मुंबईतल्या खोजा आणि मेमन व्यापाऱ्यांची कथा तर याहून बोलकी आहे. १८४७ साली खोजा घरातल्या मुलींनी वडिलांच्या इस्टेटीत कुराणानुसार वाटा मागितला. सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर खटला चालला. जमातीची जुनी रीत मुलींना वारसा न देण्याची आहे आणि ती रीतच कायदा म्हणून चालेल, असा निकाल लागला. म्हणजे या व्यापारी जमाती नमाज मुसलमानांची पढत होत्या आणि वारसा हिंदू रिवाजानं चालवत होत्या. कच्छी मेमनांसाठी १९२० आणि १९३८ चे कायदे आले, खोजांसाठी १९३७ चा शरियत कायदा. तोपर्यंत नव्वद वर्षं गेली होती.

एकसंधपणाची दुसरी वाट होती वक्फ-अलल-औलादची. मालमत्ता अल्लाहच्या नावे करायची, ती विकता येणार नाही, उत्पन्न पिढ्यान्‌पिढ्या घरच्यांना आणि शेवटी गोरगरिबांना. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलनं असा कौटुंबिक वक्फ अवैध ठरवला. घरच्यांसाठी केलेला दानधर्म कसला, हा त्यांचा मुद्दा. त्यावर मुसलमानांत मोठी नाराजी पसरली आणि १९१३ साली कायदा करून हा वक्फ पुन्हा मान्य करावा लागला. ते विधेयक कायदेमंडळात मांडून नेटानं मंजूर करून घेतलं ते बॅरिस्टर जिनांनी. पुढचं राजकारण इतकं मोठं झालं की त्यांचं हे काम कुणाला आठवत नाही.

व्यवसायच वक्फ केल्याचं ठळक उदाहरण 'हमदर्द'चं. हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ साली दिल्लीत दवाखाना काढला. १९२२ साली ते तरुण वयातच गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी राबिया बेगम यांनी मुलाच्या साथीनं तो चालवला. थोरले पुत्र हकीम अब्दुल हमीद यांनी १९४८ साली हमदर्द वक्फ करून टाकलं. रूह अफजाच्या बाटलीमागे हा इतिहास आहे. पण वक्फ केलेलं परत घेता येत नाही. सहा मशिनींच्या धंद्याला ती वाट झेपणारी नाही.

तिसरी वाट कंपनीची. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये आरन सॅलोमन नावाचा यहुदी बूट व्यापारी होता. त्यानं आपल्याच धंद्याची कंपनी केली. कायद्याला सात सभासद लागायचे म्हणून बायको, एक मुलगी आणि चार मुलांना एकेक शेअर दिला आणि बाकीचे सगळे स्वतःकडे ठेवले. धंदा बुडाल्यावर देणेकऱ्यांच्या बाजूनं म्हणणं आलं की कंपनी कसली, हा तर सॅलोमनच. हाउस ऑफ लॉर्ड्सनं सांगितलं की माणूस वेगळा आणि कंपनी वेगळी. कंपनीच्या कायद्याचा विद्यार्थी आजही तिथूनच सुरुवात करतो.

आपल्या काही लोकांना हे खटकतं आणि त्यात तथ्य आहे. कर्जदाराची जनाजाची नमाज रसूलुल्लाहनी कुणी जामीन राहीपर्यंत पढवली नाही, ही हदीस माहीत असलेल्या माणसाला 'मर्यादित जबाबदारी' हा शब्द पळवाटेसारखा वाटणारच. मुफ्ती तकी उस्मानींनी यावर सविस्तर लिहिलंय. वक्फ आणि बैतुलमाल हेही माणसाहून वेगळे, स्वतःच्या नावावर मालमत्ता असलेले घटकच होते, म्हणजे ही कल्पना आपल्याला अगदी परकी नाही, असं ते दाखवतात. मला हा युक्तिवाद पटतो, पण देणं बुडवायला कंपनी काढणाऱ्याला तो लागू होत नाही.

आपल्या अमळनेरला १९४५ च्या डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला, तो 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' या नावाची कंपनी करून. १९६६ साली ते अचानक गेले. मुलगा अझीम तेव्हा एकवीस वर्षांचा, अमेरिकेत शिकत होता. तो शिक्षण अर्धवट सोडून आला. पण तो येईपर्यंत कारखाना कायद्यानं मेलेला नव्हता, कारण मालक कंपनी होती आणि कंपनीला मय्यत नसते. वाटणी शेअरची होते, मशीनची होत नाही. पुढे त्या कंपनीचं नाव विप्रो झालं, तेव्हा अमळनेरमधल्या जुन्या भागधारकांचं काय झालं हे खानदेशात सगळ्यांना ठाऊक आहे.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातली बैठक आठवली. आठवा हिस्सा, दुप्पट, एकपट, हे सगळं शेअरमध्ये एका कागदावर बसलं असतं. गाळा विकावा लागला नसता आणि आपाला सहीही करावी लागली नसती. कायदा १८५७ पासून या देशात होता. आम्हाला तो माहीत नव्हता, असं मी म्हणू शकतो. पण आम्ही शोधलाही नव्हता, कारण हक्कसोडपत्र स्वस्त होतं.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला पुन्हा फोन केला. साधी भागीदारी केलीस तर १९३२ च्या कायद्यानं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, एक भागीदार गेला की फर्म संपते. एलएलपी टिकते, पण वारसांना पैसे मिळतात, भागीदारी आपोआप मिळत नाही. एकट्याची कंपनी काढलीस तर नॉमिनी द्यावा लागतो, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, शेअर शेवटी वारसांचेच, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या नॉमिनीबद्दल सांगितलंय. खर्च आणि कटकट प्रायव्हेट लिमिटेडला सगळ्यात जास्त, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. ती म्हणाली, "मामू, काल हे का नाही सांगितलंत?" मी आपाला फोन दे म्हणालो.

आपानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शेअर माझ्या नावावर पण घेता येतात का रे?" येतात, म्हटलं. किती ते अजून ठरायचंय, शुक्रवारी जुम्यानंतर सीएकडे जायचंय. आपा म्हणाली, या वेळी रिक्षाचे पैसे ती देणार.