आरमाराला लाकूड हवं, पण आंबा-फणस नको

गेल्या मे महिन्यात मालवणला घरी माझ्यासाठी टेबल करायचं ठरलं. मी म्हटलं, निलगिरी घेऊया, पटकन वाढते, स्वस्त पडते. सुतारकाका हसले. निलगिरी कठीण असते हो, पण वाढताना तिच्या खोडात ताण साठतो. करवत लागली की टोकं तडकतात, सुकताना फळी पिळवटते. मग त्यांनी परड्यातल्या आंब्याकडे बोट दाखवलं. आजी एवढंच म्हणाली, "तोडूक येळ लागणा नाय, वाढूक लागता."

गंमत म्हणजे, हाच पेच तीनशे वर्षांपूर्वी मराठा आरमारापुढे होता.

आमच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग दिसतो. बांधकाम सुरू झालं १६६४ मध्ये. किल्ला दगडाचा, पण आरमार लाकडाचं. आणि जहाजाला साग सगळ्यात भारी. त्यात तेल असतं, म्हणून पाणी आणि कीड सहज शिरत नाही. ओकमध्ये लोखंडी खिळे जसे गंजतात, तसे सागात गंजत नाहीत. पुरावा हवा? मुंबईत वाडियांनी १८१७ मध्ये सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय.

पण साग कमी पडला तर? आंबा-फणसही आरमाराच्या कामाचे, आणि ते तर दारातच उभे! याचं उत्तर १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आहे. साग वगैरे राज्यातल्या जंगलातून परवानगीने तोडा, कमी पडलं तर बाहेरून विकत आणा. रयतेच्या आंब्या-फणसाला मात्र हात लावू नका. ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊनच तोडा.

व्हॉट्सअ‍ॅपवर हे शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फिरतं. तसं नाहीये. महाराजांच्या निधनानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी, त्यांच्याच अष्टप्रधानांत काम केलेल्या अमात्यांनी ते लिहिलं. फॉरवर्ड करताना नाव नीट टाका. मुद्दा त्याने छोटा होत नाही. युद्धासाठी जहाजं हवी असतानाही सरकारने झाडाच्या मालकाला विचारायचं, हा नियम आहे.

आमच्या आंब्याची मालकीण आजी. ती राजी नव्हती. टेबल शेवटी माळ्यावर पडलेल्या जुन्या सागाच्या दरवाजाचं झालं. ही स्क्रिप्ट त्यावरच लिहिली. भेटू पुढच्या भागात!