पेव, कोठी आणि सायलो

१ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा म्हणजे धानाचें आगर. परंतु धान पिकविण्याइतकेंच तें राखणेंही अवघड. महाराष्ट्रांत पूर्वीं जमिनींत पेवें खणीत. त्यांत धान्य दाटीनें मावे. पण तोंड एकच असल्यामुळें तळचें जुनें धान्य शेवटीं हातीं येई, आणि कोंडलेला वायु आंत उतरणाऱ्याच्या जिवावर बेते. पोत्यांच्या थप्पींतही तळचें पोतें शेवटींच निघतें. मातीच्या कोठीस मात्र खालीं भोंक असे. बोळा काढतांच जुनें धान्य आपोआप ओघळे. सायलो या उंच यांत्रिक कोठाराचें तत्त्व हेंच: यंत्र धान्य वर चढवितें, उतरता तळ तें खालीं सोडतो. उतार अपुरा पडला, तर मधलें आधीं निसटतें व कडेचें साचून राहतें. साठवणीची खरी कसोटी किती मावलें ही नव्हे. आधीं आलेलें आधीं निघालें कीं नाहीं, ही होय.