तळटीप : प्रथिनांची मोजदाद
१२. प्रोटिओमिक्स : नमुन्यातील हजारो प्रथिने मास स्पेक्ट्रोमीटरवर एकदम ओळखण्याचे तंत्र. लेखक बंगळुरूत यशवंतपूरला उतरतो खरा, पण हे काम शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्समध्ये चालते. तिथल्या आणि जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१४ साली ‘नेचर’मध्ये मानवी प्रथिनांचा आराखडा छापला, १७,२९४ जनुकांची प्रथिने, त्यांत निरोगी मूत्रपिंडातलीही. आजारी मूत्रपिंड ताडून पाहायचे तर आधी निरोगी हवेच. रक्तातले क्रिअॅटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडाचे बरेच काम गेलेले असते, म्हणून ही खटपट. पदरात पडलेले ठोस फळ मात्र २००९चे, बोस्टनचे : मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडाच्या आजारात शरीर ज्याच्यावर उलटते ते पीएलए२आर प्रथिन. त्याविरुद्धची प्रतिपिंडे आता रक्त तपासून कळतात. काही रुग्णांची बायोप्सीही टळते. – संपा.