घुबडाच्या डोळ्याचा दाब

डोळ्यातला दाब मोजायचं सर्वांत जुनं साधन म्हणजे बोट. पापणीवरून हलकेच दाबून बुबुळ किती टणक लागतं, ते डॉक्टर अनुभवाने ठरवत. १९०५ साली नॉर्वेच्या याल्मार श्योट्झ यांनी बोटाच्या जागी वजनाचा दांडा आणला. कॉर्निया किती खचतो, त्यावरून दाब काढायचा. १९५०च्या दशकात हान्स गोल्डमान यांनी कॉर्निया खचवण्याऐवजी सपाट केला, तोही नेमका ३.०६ मिलिमीटर व्यासाचा. तेवढ्या व्यासाला कॉर्नियाचा ताठरपणा आणि अश्रूंच्या थराची ओढ एकमेकांना जवळपास खोडून काढतात. हा आकडा मला फार देखणा वाटतो. पण तो माणसाच्या कॉर्नियासाठी आहे, आणि त्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसावं लागतं. गरुडाला ते सांगणार कोण?

सांगायची वेळ मात्र येते. गाडीला धडकलेल्या घुबडाचा डोळा बाहेरून धड दिसतो आणि आत रक्तस्राव झालेला असतो. आत दाह असेल तर दाब उतरतो, द्रवाची वाट तुंबली तर चढतो. पक्ष्याला पुन्हा रानात सोडायचं की नाही, हे बरंचसं डोळ्यांवर ठरतं.

हातात मावणारी विजेरी यंत्रं आल्यावर हे जमू लागलं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गरुड आणि ससाण्यासारख्या पक्ष्यांचा सरासरी दाब २०-२१ मिलिमीटर पारा निघाला, तिथल्या शिंगी घुबडाचा जेमतेम ११. म्हणजे 'शिकारी पक्ष्याचा नॉर्मल दाब' असं काही नसतंच.

पुढची उडी फिनलंडची. आंटी कोंटिओला यांनी १९९०च्या दशकात चुंबकीय केलेली बारीक सळई कॉर्नियावर आपटून परत येऊ दिली. डोळा जितका टणक, तितकी ती झटकन उलटते. भोवतालच्या तारेच्या वेटोळ्यात उमटणाऱ्या विद्युतदाबावरून ते कळतं. भुलीचे थेंब लागत नाहीत. सहा ठोके घ्यायचे, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान टाकून उरलेल्यांची सरासरी. (सेन्सरचा गोंगाट आम्हीही असाच गाळतो.)

प्राण्यांसाठीच्या त्या यंत्रात, टोनोव्हेटमध्ये, तक्ते असतात: कुत्रा-मांजर, घोडा आणि 'इतर'. माझ्यातल्या प्रोग्रामरचे कान इथे टवकारतात. पडद्यावरचा आकडा हा दाब नसतो. सळईच्या वेगाचं कुणा दुसऱ्याच जनावराच्या कॉर्नियाच्या हिशोबाने केलेलं भाषांतर असतं. तक्ता बदलला की त्याच डोळ्याचा आकडाही बदलतो. म्हणून २०१०च्या सुमारास जर्मन संशोधकांनी हे यंत्र शिकारी पक्ष्यांवर पारखून जातवार आकडे काढले: बझर्ड आणि पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड २७च्या आसपास, बहिरी ससाणा १३, खरूची १०, लांब कानांचं घुबड ८.

ज्या जातीचे आकडेच नाहीत, तिथे पशुवैद्य दोन्ही डोळे मोजतात. एकात १८ आणि दुसऱ्यात ९ आले, तर तक्ता कुत्र्याचा असो की घोड्याचा, तपासायचा डोळा कुठला ते कळतं.